सहा जण उतरले

इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या पश्चिमेच्या कडेला बर्चवुड नावाची वसाहत आहे. विटांची जोडघरं, दाराशी एखादी गाडी, मधूनमधून हिरवळ. इथे कधीकाळी काही वेगळं होतं अशी शंकाही नव्याने राहायला आलेल्या माणसाला येत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात ही सगळी जमीन म्हणजे स्केलिंगथॉर्पचा विमानतळ होता. आज जिथे पोरं सायकली फिरवतात तिथून तेव्हा रात्रीमागून रात्री बॉम्बफेकी विमानं जर्मनीकडे जायची. वसाहतीतल्या प्राथमिक शाळेला याच विमानतळावरून उडालेल्या एका मुलाचं नाव दिलं आहे : लेस्ली मॅन्सर. मुलगा म्हणते, कारण तो गेला तेव्हा त्याला वीस वर्षं पुरी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

हा मॅन्सर दिल्लीत जन्मला होता, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या आजींनी. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लिंकनला आलो, तेव्हा पलीकडच्या घरात हे वृद्ध जोडपं राहत होतं. मी त्यांना आजी-आजोबाच म्हणायचे. आजी मूळच्या स्केलिंगथॉर्प गावातल्या. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांची शाळा नुकती सुटली होती. आजोबा उत्तरेकडच्या एका गिरणगावातून विमानदलात फिटर म्हणून आले, इथल्याच धावपट्टीवर इंजिनांशी झुंजले आणि लढाई संपल्यावर इथलेच जावई झाले. दोघंही आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं मात्र माझ्या मनात पक्कं बसलं, आणि पुढे मी जे वाचलं, शोधलं ते सगळं त्यांच्या बोलण्याच्या आधारानेच. मॅन्सरची त्यांची थेट ओळख नव्हती. विमानतळावर शेकड्यांनी माणसं होती, आणि वैमानिक आणि फिटर यांच्यात हुद्द्याचं अंतरही होतं. पण ज्या विमानांना आजोबांचे हात लागत, तीच विमानं घेऊन ही मुलं जात होती.

लेस्ली टॉमस मॅन्सर, जन्म ११ मे १९२२, नवी दिल्ली. वडील हिंदुस्थानच्या पोस्ट आणि तार खात्यात इंजिनियर. नवी राजधानी तेव्हा अजून बांधून व्हायची होती. तिचं रीतसर उद्घाटन झालं ते १९३१ मध्ये. मुलाला आधी शिकायला ठेवलं दार्जिलिंगच्या वाटेवर, कर्सियांगच्या व्हिक्टोरिया शाळेत. पुढे कुटुंब इंग्लंडला परतलं, हर्टफर्डशरमधल्या रॅडलेटला स्थायिक झालं आणि लेस्लीचं नाव जवळच्या ऑल्डनम शाळेत घातलं गेलं.

तार खातं म्हटल्यावर मला आमचे अण्णा आठवले, माझ्या वडिलांचे वडील. युद्धाच्या काळात ते सातारा भागात तारमास्तर होते. एकाच खात्यात कुणी इंजिनियर असतो आणि कुणी तारयंत्राच्या कळीवर बोटं ठेवून बसलेला असतो. दोघांची भेट होण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरी खातं एकच, आणि त्या खात्याकडून घरोघर जाणारी बातमीही एकाच जातीची. अण्णा सांगायचे, त्या वर्षांत तारेचा माणूस गल्लीत शिरला की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग तार उघडायच्या. सातारा जिल्ह्यात घराआड एक पोरगा पलटणीत. कुणी आफ्रिकेत, कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात. तार इंग्रजीत, घरात वाचणारं कुणी नाही, म्हणून पुष्कळदा अण्णांनाच बोलावून घ्यायचे. ते काम त्यांना फार जड जायचं. त्यात बेचाळीस साल आलं, चळवळीतल्या लोकांनी तारा तोडायला सुरुवात केली. अण्णा सरकारी नोकर, पण मनाने चळवळीकडचे. ते म्हणायचे, तार तुटली की गावात एकच आनंद व्हायचा, आणि मला मात्र त्या दिवशी न पोचलेल्या तारा दिसायच्या.

हे इथे सांगते, कारण मॅन्सरची गोष्ट ऐकताना माझ्या मनात दोन्ही बाजू एकदम उभ्या राहतात. ज्या साम्राज्याचा गणवेश त्याने घातला होता त्याच साम्राज्याने, तो गेला त्याच वर्षी, आमच्या माणसांना तुरुंगात टाकलं. तरीही या मुलाबद्दल मला जे वाटतं त्यात मी काही कमी करू शकत नाही.

शाळा संपल्यावर त्याने आधी लष्कराकडे अर्ज केला, मग नौदलाकडे. दोघांनीही नाकारलं. ऑगस्ट १९४० मध्ये विमानदलाने घेतलं. इंग्लंडच्या आकाशात तेव्हा लढाई ऐन भरात होती. मे १९४१ मध्ये तो पायलट ऑफिसर झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस लिंकनजवळच्याच स्विंडरबीला ५० व्या स्क्वाड्रनमध्ये हजर झाला. दोनच दिवसांत त्याला फ्रँकफर्टवरच्या मोहिमेत दुय्यम वैमानिक म्हणून पाठवलं. विमान हॅम्पडन. त्याचा सांगाडा इतका अरुंद की आत बसलेल्यांना जागा बदलणंही मुश्कील. पुढच्या दोन महिन्यांत बर्लिन, हॅम्बुर्ग, कार्ल्सरूहे अशा मोहिमा झाल्या. मग त्याला शिकवणारा म्हणून प्रशिक्षण तळावर धाडलं. एकोणीस वर्षांचा शिक्षक! एप्रिल १९४२ मध्ये तो आपल्या जुन्या स्क्वाड्रनमध्ये परतला. ती आता स्केलिंगथॉर्पला होती आणि तिच्याकडे नवं विमान आलं होतं, मँचेस्टर. पहिली कामगिरी म्हणून त्याने पॅरिसवर पत्रकं टाकली.

या मँचेस्टरचं नाव काढलं की आजोबांचा चेहरा बदलायचा. विमान मोठं, दिसायला रुबाबदार, आणि इंजिनं दोनच. ती इंजिनं रोल्स-रॉइसची, नाव व्हल्चर. बारा-बारा सिलिंडरची दोन इंजिनं एकमेकांवर उलटी बसवून एकच दांडा फिरवायचा, अशी चोवीस सिलिंडरची ती रचना. कागदावर ताकद भरपूर. प्रत्यक्षात बेअरिंग जायचं, तेल नीट फिरायचं नाही, इंजिन तापायचं आणि हवेतच पेट घ्यायचं. एक इंजिन गेलं की उरलेल्या एकावर भरलेलं मँचेस्टर उंची राखू शकत नसे. आजोबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा एक गुळगुळीत, गुलाबी पट्टा होता. तापलेल्या इंजिनाचं झाकण घाईत उघडताना झालेला. तो हात टेबलावर आडवा ठेवून, दुसऱ्या हाताच्या बोटाने ते त्यावर इंजिनाची रचना काढून दाखवायचे : इथे हा सिलिंडर, इथे दांडा, इथून तेल जायला हवं, इथेच अडायचं. पन्नास वर्षांनंतरही त्यांचा राग गेला नव्हता. बिघडलेलं इंजिन आपण दुरुस्त करून दिलं, सकाळी सही केली, आणि रात्री त्यावर सात जण गेले, हे त्यांना आयुष्यभर पुरलं.

पुढे याच सांगाड्याला चार मर्लिन इंजिनं लावली आणि लँकेस्टर तयार झालं, ब्रिटनचं सगळ्यात नावाजलेलं बॉम्बर. जून १९४२ मध्ये मँचेस्टर लढाईतून काढून घेतलं. मॅन्सर त्याआधी एक महिना गेला.

आता त्या रात्रीकडे येते. आर्थर हॅरिस फेब्रुवारी १९४२ मध्ये बॉम्बर कमांडचा प्रमुख झाला तेव्हा त्या दलाची अब्रूच पणाला लागली होती. आदल्या वर्षी छायाचित्रं तपासून केलेल्या बट अहवालाने दाखवून दिलं होतं की, आपण लक्ष्य गाठलं असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचतो. रात्री, ढगांतून, नकाशा आणि घड्याळ यांच्या भरवशावर नेम लागत नाही, म्हणून मग नेमच मोठा करायचं ठरलं : कारखान्याऐवजी अख्खं शहर. हॅरिसला एक डोळे दिपवणारी गोष्ट करून दाखवायची होती. एका रात्रीत एका शहरावर हजार विमानं. त्याच्याकडे लढाईला तयार विमानं त्याच्या निम्मीही नव्हती. किनारा सांभाळणाऱ्या दलाकडून मिळायची ती नौदलाने अडवली. तेव्हा त्याने प्रशिक्षण केंद्रांतली विमानं काढली, शिक्षक काढले, शिकाऊ पोरं काढली, आणि आकडा भरला : १,०४७.

आधी ठरलं होतं हॅम्बुर्ग. हवा फिरली म्हणून कोलोन. तारीख ३० मे १९४२, आकाशात पूर्ण चंद्र. मॅन्सरच्या वाट्याला आलेलं विमान, एल ७३०१, खुणेचं अक्षर ‘डी’, त्याच्या नेहमीच्या स्क्वाड्रनचं नव्हतं. आकडा गाठण्यासाठी दुसरीकडून आणलेलं, वापरून झिजलेलं मँचेस्टर. त्यात आगलावे बॉम्ब भरले. सोबत सहा जण. त्यांत दुय्यम वैमानिक सार्जंट लेस्ली बेव्हीस्टॉक, नॅव्हिगेटर बार्न्स, वायरलेसवर हॉर्स्ली, शेपटीतल्या मशिनगनवर नेलर.

भरलेलं विमान सात हजार फुटांच्या वर चढेना. इंजिनं तापू लागली. बाकीची विमानं कितीतरी वर, आणि हे एकटं खाली. परत फिरायला कारण होतं, आणि अशा कारणासाठी परतलेल्यांना कुणी नावं ठेवत नसे. मॅन्सर पुढे गेला. बेव्हीस्टॉकने पुढे सांगितलं आहे त्यावरून दिसतं की, वरच्या विमानांवर मारा चालू असेल तर आपण खालून निसटू, असा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. कोलोनवर येताच सर्चलाइटच्या झोतांनी त्यांना पकडलं आणि तोफा सुरू झाल्या. त्याने विमान सरळ धरलं, बॉम्ब पडेपर्यंत. मग वळला, डुबक्या मारल्या, हजार फुटांच्याही खाली आला. शहराची हद्द ओलांडेपर्यंत झोतांनी पाठ सोडली नाही. नेलर जखमी झाला. पुढची केबिन धुराने भरली. डावं इंजिन तापत चाललं होतं. या क्षणी सगळ्यांनी उड्या मारल्या असत्या तर सातही जण वाचले असते, जर्मनांच्या कैदेत का होईना. मॅन्सरने विमान पुन्हा दोन हजार फुटांपर्यंत वर नेलं, माणसं आणि यंत्र दोन्ही घरी न्यायच्या जिद्दीने. तेवढ्यात डाव्या इंजिनाने पेट घेतला.

आग विझायला दहा मिनिटं लागली. हे मी आजोबांना वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पेटलेल्या व्हल्चरसोबत दहा मिनिटं म्हणजे काय, ते ज्याने जमिनीवर पेटलेलं पाहिलंय त्यालाच कळेल. पंखाचा एक भाग जळून गेला होता. उरलेल्या इंजिनावर विमान खाली खाली येत होतं. जड सामान फेकून दिलं. मॅन्सरने जवळचा तळ गाठायचा म्हणून दिशा बदलली. बेल्जियमवर आल्यावर विमान हाताबाहेर जायला लागलं, तेव्हा त्याने उड्या मारायचा हुकूम दिला.

बेव्हीस्टॉकने त्याचं पॅराशूट उचललं आणि त्याच्या अंगाला अडकवायला गेला. मॅन्सरने त्याला दूर लोटलं. नियंत्रणावरचा हात सोडला तर विमान त्या क्षणी उलटेल, काही सेकंदच आहेत, तू जा, असं त्याचं सांगणं. बेव्हीस्टॉक उडी मारून बाहेर पडला तोवर जमीन इतकी जवळ आली होती की, छत्री उघडायला वेळच मिळाला नाही. तो पडला तो दलदलीतल्या पाण्याच्या चरात, आणि त्या पाण्यानेच वाचला. ब्रे गावाजवळ त्याच परिसरात विमान कोसळून पेटलं. उतरणाऱ्यांनी ते पाहिलं.

आजी इथपर्यंत आल्या की थांबायच्या. मला मात्र इथे थांबता येत नाही. ज्या शहरावर ते बॉम्ब पडले तिथेही माणसं होती. दीड तासात कोलोनवर १,४५५ टन बॉम्ब पडले, त्यातले दोन तृतीयांश आगलावे. ४६९ माणसं मेली, पाच हजारांवर जखमी झाली, ४५ हजारांची घरं गेली. कॅथेड्रल मात्र उभं राहिलं. बॉम्बर कमांडची ४१ विमानं त्या रात्री परतली नाहीत. हे दोन्ही हिशेब एकाच पानावर लिहायला हवेत असं माझं ठाम मत आहे. हॅरिसच्या धोरणावर इंग्लंडमध्ये आजही वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. शहरं जाळून युद्ध लवकर संपतं, हे मला पटत नाही. पण ज्या मुलाला हे धोरण विचारून ठरवलं नव्हतं, त्याने त्या रात्रीच्या शेवटी जे केलं त्याचा धोरणाशी संबंध उरला नव्हता. तेव्हा त्याच्यासमोर शत्रू नव्हता, लक्ष्य नव्हतं. मागे सहा माणसं होती आणि हातात एक पडणारं विमान. मॅन्सरचं मोठेपण मी तिथे मानते, कोलोनच्या आकाशात नाही.

यापुढची गोष्ट आजोबा-आजींना फारशी ठाऊक नव्हती, आणि मला विचाराल तर तीच अर्धी गोष्ट आहे. सहा जण उतरले ते जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये, मध्यरात्रीनंतर, विखुरलेले. बार्न्स जर्मनांच्या हाती लागला. उरलेल्या पाच जणांना त्या भागातल्या शेतकऱ्यांनी घरात घेतलं. पकडले गेले तर या कुटुंबांना बंदुकीसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे असं करत पाचही जण कॉमेट लाइनपर्यंत पोचले.

ही लाइन म्हणजे ब्रसेल्सपासून स्पेनच्या हद्दीपर्यंत माणसामाणसांनी जोडलेली वाट. ती सुरू केली आंद्रे द योंग या मुलीने, वयाच्या चोविसाव्या वर्षी. सगळे तिला देदे म्हणत. ब्रसेल्सहून रेल्वेने पॅरिस, तिथून फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, मग रात्री पायी पिरिनीज पर्वत, आणि बिदासोआ नदी ओलांडून स्पेन. बास्क वाटाडे चोरवाटांनी पुढे चालत. तिने स्वतः शंभराहून अधिक माणसं अशी पार नेली. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली, छळछावण्यांत राहिली, आणि जिवंत परतली. तिच्या वडिलांना मात्र जर्मनांनी गोळ्या घातल्या. युद्धानंतर ती परिचारिका झाली आणि काँगो, इथिओपियात कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिली. २००७ मध्ये, नव्वदीत ती वारली. महाराष्ट्रातल्या वाचकाला कुष्ठरोग्यांची सेवा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मॅन्सरचे पाचही सोबती या वाटेने जिब्राल्टरमार्गे इंग्लंडला परतले. आल्यावर प्रत्येकाने आपला जबाब दिला. विमान कधी वर नेलं, आग किती वेळ होती, पॅराशूट कसं नाकारलं, हे सगळं त्या जबाबांत होतं. त्यावरून ऑक्टोबर १९४२ मध्ये फ्लाइंग ऑफिसर लेस्ली मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक जाहीर झालं. बेव्हीस्टॉक पुढे स्वतः वैमानिक झाला, सागरी विमानांवर गेला, दोन जर्मन पाणबुड्या बुडवल्या. हॉर्स्लीही वैमानिक होऊन बॉम्बरवर परतला. मॅन्सरला लूव्हेनजवळच्या हेव्हर्लीच्या युद्धस्मशानात पुरलं आहे.

म्हणजे बघा, तो मुलगा त्या केबिनमध्ये एकटा मेला. त्याचं शेवटचं काम पाहणारे फक्त ते सहा होते. ते सगळेच पकडले गेले असते, किंवा पाण्याच्या चराऐवजी बेव्हीस्टॉक चार हात पलीकडे पडला असता, तर नोंदीत एवढंच राहिलं असतं : कोलोनहून परतलं नाही. बॉम्बर कमांडमध्ये साधारण सव्वा लाख माणसं उडाली. लिंकनच्या कॅनविक टेकडीवर त्यांचं स्मारक आहे, लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीएवढा उंच लोखंडी मनोरा आणि भोवती भिंती. भिंतींवर जवळपास ५८ हजार नावं आहेत. बहुतेक विमानं माणसांसकट गेली. त्यांच्यात किती मॅन्सर होते, हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण सांगायला कुणी परतलंच नाही. त्या भिंतीपुढे उभं राहिलं की मला पदकापेक्षा ही गोष्ट जास्त टोचते.

आजींच्या आईने युद्धात विमानतळावरच्या मुलांचे कपडे धुवायचं काम घेतलं होतं. गावातल्या पुष्कळ बायका ते करत, दोन पैसे सुटत. धुतलेले, इस्त्री केलेले सदरे नावाची चिठ्ठी लावून स्वयंपाकघरातल्या लांब बाकावर रांगेने ठेवलेले असायचे, आणि मुलं सायकलवर येऊन घेऊन जायची. एखाद्या गठ्ठ्याकडे कुणी यायचंच नाही. आजींची आई तो लगेच उचलायची नाही. आठवडाभर ठेवायची, वरची धूळ झटकायची, मग तळावर नेऊन द्यायची. तिथे बेपत्ता झालेल्यांचं सामान आवरणारा अधिकारी असायचा. तो पेटी लावायचा आणि घरी पाठवायचा. आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. त्या सदऱ्यांच्या कॉलरचे आकडे त्यांना शेवटपर्यंत आठवत होते. साडेचौदा, पंधरा. मुलं इतकी सडपातळ होती, असं म्हणून त्या हाताने गळा दाखवायच्या.

मॅन्सर कुटुंबाची कथा इथेही संपत नाही, आणि तिचं दुसरं टोक पुन्हा हिंदुस्थानात येतं. लेस्लीच्या बहिणीचा नवरा कॅप्टन जॉन नील रँडल. त्याचाही जन्म हिंदुस्थानातलाच, बनारसचा. तो रॉयल नॉरफॉक रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होता. मे १९४४ मध्ये कोहिमाच्या लढाईत कंपनीचा प्रमुख जखमी झाल्यावर रँडलने ताबा घेतला. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला जखम झाली होती, तरी तो मागे गेला नाही. ६ मे रोजी टेकडीवरच्या चढाईत जपान्यांचा मशिनगनचा एक बंकर त्याच्या माणसांना भाजून काढत होता. रँडल एकटा त्यावर धावून गेला, हातबॉम्ब आत टाकला, आणि गोळ्यांनी चाळण झालेलं आपलं शरीर बंकरच्या भोकावर आडवं टाकून ते बंद केलं. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालं. एका बाईने दोन वर्षांत आधी भाऊ दिला, मग नवरा. तार दोन्ही वेळा आलीच असणार. हे कळलं तेव्हा अण्णा हयात नव्हते. असते तर ती तार वाचून दाखवणाऱ्याचा विचार त्यांच्या मनात आधी आला असता.

या रँडलचा ऑक्सफर्डमधला जिवाभावाचा मित्र लेनर्ड चेशायर. तोही बॉम्बरचा वैमानिक, तोही व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी. नागासाकीवर बॉम्ब पडताना तो विमानातून साक्षीदार म्हणून पाहत होता. युद्धानंतर त्याने अपंग आणि असाध्य आजारी माणसांसाठी घरं उभारण्याला आयुष्य वाहिलं. मुंबईत अंधेरीला असलेलं चेशायर होम त्याच कामातलं. रोज त्या बाजूने जाणाऱ्या कितीजणांना ते नाव कुणाचं, हे माहीत असेल?

लिंकनला येणारे मराठी पाहुणे कॅथेड्रल बघतात, किल्ला बघतात आणि परततात. त्यांना मी आवर्जून कॅनविक टेकडीवर नेते आणि भिंतीवर मॅन्सरचं नाव दाखवते. पण बहुतेकांना इथवर येणं जमणार नाही, म्हणून एक सांगते. ईशान्य भारतात फिरायला आता आपली माणसं पुष्कळ जातात. कोहिमाला गेलात तर गावाच्या मधोमध, जुन्या टेनिस कोर्टाच्या जागेवर असलेल्या युद्धस्मशानात जा. तिथे रँडलचा दगड शोधा. आणि सगळ्यात वरच्या अंगाला जे स्मारक आहे तेही चुकवू नका. त्यावर या लढाईत कामी आलेल्या, अग्नी दिलेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं आहेत. ती सावकाश वाचा.